अंदाज बांधायची वेळ

टायटन ही पाणबुडी 18 जून 2023 ला, रविवारी, टायटॅनिकचे अवशेष दाखवायला पाच जणांना घेऊन उत्तर अटलांटिकमध्ये खाली उतरली आणि पावणेदोन तासांत तिचा वरच्या जहाजाशी संपर्क तुटला. त्या आठवड्यात सांगलीत पाऊस लांबला होता. मार्केट यार्डात, एसटी स्टँडवर, चहाच्या गाड्यावर बोलणं पावसावरून निघायचं आणि घोटभर चहा होईतो पाणबुडीवर यायचं. ‘अजून किती तासांचा ऑक्सिजन उरलाय?’ हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी होता, कारण वृत्तवाहिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ लावलं होतं. शहाण्णव तासांतून एकेक तास कमी होत होता. कुणी म्हणायचं, जुन्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली असणार. कुणी म्हणायचं, वर येऊन कुठंतरी तरंगत असेल, पण दार बाहेरून बोल्टांनी बंद केलेलं, आतून उघडायची सोय नाही. ही दाराची गोष्ट खरी होती. बाकी सगळं हवेत.

बेपत्ता माणसांचं काय झालं असेल याचा विचार मनात येणं स्वाभाविक आहे, त्यात गैर काही नाही. घरातलं माणूस रात्री वेळेत परतलं नाही तर आपण हेच करतो. पण एखाद्या दुर्घटनेबद्दल अंदाज बांधायला एक योग्य वेळ असते, आणि ती दुर्घटनेच्या आधीची असते, असं मला या प्रकरणाकडे पाहून ठामपणे वाटतं. टायटनबद्दलचा बरोबर अंदाज पाच वर्षं आधी जाणकारांनी बांधला होता, लिहून दिला होता, खाली सह्या केल्या होत्या. तेव्हा जगाचं लक्ष नव्हतं. पाणबुडी गेल्यावर मात्र ज्यांना समुद्रातलं ओ की ठो कळत नाही, त्यांचेही अंदाज चोवीस तास ऐकवले गेले. त्याची किंमत पाच कुटुंबांनी मोजली.

त्या चार दिवसांत खरोखर काय ठाऊक होतं ते बघू. मंगळवार-बुधवारी कॅनडाच्या पी-3 विमानांनी पाण्यात सोडलेल्या ध्वनियंत्रांवर ठोकल्यासारखे आवाज ऐकू आले. शोध घेणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे आवाज कशाचे ते कळलेलं नाही. बातमी मात्र फिरली ती ‘आतली माणसं ठोकून खुणावतायत’ अशी. अमुक इतक्या मिनिटांच्या अंतरानं ठोके पडतात म्हणजे आत कुणीतरी जाणकार शांत डोक्यानं बसला आहे, इथपर्यंत लोकांनी मजल मारली. पुढे स्पष्ट झालं की त्या आवाजांचा टायटनशी संबंध नव्हता. दुसरीकडे अमेरिकन नौदलाच्या पाण्याखालच्या ध्वनियंत्रणेनं रविवारीच, संपर्क तुटला त्या सुमाराला, काहीतरी फुटल्या-चेपल्यासारखा आवाज टिपला होता. तो शोधमोहिमेच्या प्रमुखांना कळवला गेला, पण तेवढ्यावरून खात्री देता येत नव्हती म्हणून शोध चालूच ठेवला. 22 जूनला, गुरुवारी, दूरनियंत्रित यंत्र समुद्राच्या तळाशी पोचलं आणि टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून सुमारे 1600 फुटांवर त्याला टायटनचे तुकडे दिसले.

या सगळ्यात मला सर्वांत हलवून गेलेला तपशील बराच उशिरा, 2025 मध्ये, बाहेर आला. वर थांबलेल्या पोलर प्रिन्स या जहाजावर संगणकासमोर बसलेल्या, टायटन चालवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाच्या पत्नीला एक धप्प आवाज ऐकू आला. ‘तो आवाज कसला?’ असं तिनं विचारलेलं चित्रफितीत ऐकू येतं. लगेच पुढच्या क्षणी टायटनकडून दोन वजनं खाली सोडल्याचा छोटा संदेश पडद्यावर आला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. तपासातून दिसतं ते असं की संदेश आवाजाच्या आधी निघालेला होता. यंत्रणेतून फिरून पोचायला त्याला वेळ लागला आणि आवाज पाण्यातून सरळ वर आला. म्हणजे घटनेच्या डोक्यावर बसलेल्या, स्वतःचा नवरा खाली असलेल्या माणसालाही त्या घडीला खरं काय ते कळलं नाही. मग हजारो किलोमीटरवर स्टुडिओत बसून छातीठोकपणे बोलणाऱ्यांना ते कळणं कसं शक्य होतं?

टायटॅनिक सुमारे 3800 मीटर खोल आहे. तिथं प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास 390 किलोचा भार येतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साखरेची पन्नास किलोची आठ पोती रचावीत तेवढा. कवच दगावलं की पुढचं सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं, वेदना मेंदूपर्यंत पोचायलाही तेवढा वेळ पुरत नाही. एवढं एक भौतिकशास्त्र त्या दिवसांत नीट, शांतपणे समजावून सांगितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. त्याऐवजी थंडी किती असेल, अंधार किती, श्वास कसा कोंडेल, पहिला कोण जाईल याची वर्णनं झाली. जे घडलंच नव्हतं त्या तडफडीचं रसभरित चित्र त्यांच्या आई-बायका-मुलांच्या डोळ्यांसमोर उभं केलं गेलं.

आणि हे चार दिवसांत थांबलं नाही. काही दिवसांत टायटन आणि जहाज यांच्यातल्या संभाषणाचा म्हणून एक लांबलचक लेखी उतारा फिरू लागला. धोक्याची घंटा वाजते, वजनं सोडली जातात, वर येण्याची धडपड चालते, आवाज वाढत जातात. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा. लाखो लोकांनी तो खरा मानला, तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी त्यावर विवेचनं केली. तपास पथकाच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं की तो बनावट आहे. खरे संदेश अगदीच त्रोटक होते, सगळं ठीक आहे अशा आशयाचे, आणि शेवटचा त्या दोन वजनांचा. पाणबुडीतल्या लोकांना येणाऱ्या संकटाची चाहूल लागली होती असं त्यात कुठेही दिसत नाही.

त्यात एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, वडिलांबरोबर गेलेला. तो घाबरलेला होता, बापाचं मन राखायला, फादर्स डे म्हणून नाइलाजानं गेला, ही गोष्ट एका नातेवाइकाच्या बोलण्यावरून जगभर पसरली आणि लोकांनी त्या मेलेल्या बापाला अक्षरशः आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मुलाची आई नंतर बोलली. ती जागा आधी तिची स्वतःची होती, मुलाला जायचंच होतं म्हणून तिनं ती सोडली. समुद्राच्या तळाशी रुबिकचा क्यूब सोडवून विक्रम करायचा म्हणून तो क्यूब बरोबर घेऊन गेला होता. नवरा आणि मुलगा एकाच दिवशी गमावलेल्या बाईला हा खुलासा जगापुढे येऊन करावा लागला. अंदाज चुकला तर कुणाचं काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या आईचा विचार करावा.

अर्जेंटिनाच्या 44 कुटुंबांनी हेच सोसलं आहे. त्यांच्या नौदलाची सान हुआन ही पाणबुडी 15 नोव्हेंबर 2017 ला बेपत्ता झाली. तीन दिवसांनी सांगण्यात आलं की उपग्रह फोनवर सात वेळा संपर्काचा प्रयत्न झालेला दिसतो, बहुधा पाणबुडीकडूनच. नाविक तळाच्या कुंपणाशी बसलेल्या घरच्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ते फोन पाणबुडीचे नव्हते. मग समुद्रातून आवाज ऐकू आल्याची बातमी, तीही फोल. आठवड्यानंतर कळलं की बेपत्ता झाली त्याच दिवशी स्फोटासारखा आवाज दूरच्या नोंदयंत्रांनी टिपलेला आहे. सांगाडा सापडायला वर्ष गेलं, 907 मीटर खोलीवर. दोन वेळा उंच उचलून दोन वेळा आपटलेल्या त्या माणसांना पहिल्या दिवशीच ‘आम्हाला ठाऊक नाही, शोधतो आहोत’ एवढं म्हणून सोबत केली असती तर त्यांचं दुःख कमी झालं नसतं, पण त्यात ही भर पडली नसती.

यावर कुणी म्हणेल, मग आशाच धरू नये का? शोध घेऊच नये का? घ्यावा, शेवटच्या घटकेपर्यंत घ्यावा. 1973 मध्ये आयर्लंडजवळच्या समुद्रात पिसेस-3 ही छोटी पाणबुडी 480 मीटर खोल बुडाली होती. आत दोन ब्रिटिश माणसं. त्यांनी हालचाल टाळली, बोलणं टाळलं, श्वास पुरवून पुरवून वापरला, आणि तीन दिवसांहून जास्त काळ तळाशी काढल्यावर दोघांनाही जिवंत वर काढलं. टाकीत काही मिनिटांचा ऑक्सिजन शिल्लक होता. नौदलानं आवाज ऐकूनही टायटनचा शोध थांबवला नाही हे त्यामुळंच बरोबर होतं. शोधणारा माणूस ‘असतील’ असं धरूनच उतरतो आणि पुरावा मिळेपर्यंत ‘आहेत’ किंवा ‘गेले’ असं तोंडातून काढत नाही. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीच.

कृष्णेकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हरिपूरला, औदुंबरला, भिलवडीच्या घाटावर कुणी बुडालं की काठावर तासाभरात जत्रा जमते. बचाव पथकाची रबरी बोट पात्रात गळ टाकत सावकाश फिरत असते. अशा वेळी पुलावरून एकजण ओरडतो, ‘आरं पलीकडं, त्या लव्हाळ्यापशी काळं काय दिसतंय!’ बोट तिकडं वळते. प्लास्टिकचं पोतं असतं. तोवर दुसऱ्यानं ‘मगरीनं ओढला असंल, मी परवा हितंच बघितली हुती’ असं म्हणून टाकलेलं असतं. या पट्ट्यात मगरी आहेतच, त्यामुळं त्याला खोटं पाडता येत नाही. काठावर बसलेल्या आईच्या कानावर ते पडतं. मी हे पाहिलं आहे. बोटीतला पोरगा, अंगात लाइफ जॅकेट, दोरानं तळहात सोललेले, तो एकदाच काठाकडं वळून म्हणाला, ‘मावशी, आमी सांगत नाही तवर कुणाचं ऐकू नका.’ वृत्तवाहिन्यांना त्या आठवड्यात हे वाक्य कुणीतरी सांगायला हवं होतं.

महापुरातही आपण हे जगलो आहोत. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या दिवसांत कोयनेचं नाव घेऊन किती काय काय मोबाइलवर आलं ते सांगलीकराला आठवत असेल. तरी गावभागातली जुनी माणसं दोनच गोष्टी विचारायची: कोयनेतून विसर्ग किती, आयर्विनला पातळी किती. हे दोन आकडे कळले की सामान कधी माळ्यावर टाकायचं आणि घर कधी सोडायचं ते त्यांचं ती ठरवत. पाणी चढायच्या आधी, मोजलेल्या आकड्यावरून बांधलेला अंदाज. तो जीव वाचवतो.

टायटनचा असा आकडा उपलब्ध होता. तिचं कवच कार्बन फायबरचं होतं, टोकांना टायटॅनियम. एवढ्या खोलीवर माणसं नेणाऱ्या पाणबुडीला हे साहित्य चालतं का, वारंवार दाब पडून त्याचे थर सुटतात का, याची खात्री झालेली नव्हती. 2018 च्या जानेवारीत कंपनीच्याच सागरी विभागाच्या प्रमुखानं, डेव्हिड लॉकरिजनं, त्रुटींचा अहवाल दिला. त्याला नोकरीवरून काढलं. त्यानं सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली, तीही रेंगाळून विझली. त्याच वर्षी मार्चमध्ये या क्षेत्रातल्या तीसहून अधिक जाणकारांच्या नावांनी एक पत्र तयार झालं. त्यात म्हटलं होतं की त्रयस्थ संस्थेकडून तपासणी न करता हा प्रयोग रेटला तर परिणाम किरकोळापासून भीषणापर्यंत काहीही होऊ शकतील. कंपनीचा प्रमुख स्टॉक्टन रश याचं म्हणणं असं की असली प्रमाणपत्रं नव्या कल्पनांच्या आड येतात. पाणबुडी आंतरराष्ट्रीय हद्दीत उतरायची, त्यामुळं कुठल्याच देशाचा नियम तिला नीट लागू पडत नव्हता. अडीच लाख डॉलर मोजणाऱ्या प्रवाशाला प्रवासी न म्हणता मोहिमेचा सदस्य म्हणायचं, म्हणजे प्रवासी वाहतुकीचे नियमही लागत नाहीत.

तरीही शेवटची संधी होती. जुलै 2022 मध्ये ऐंशीव्या फेरीत वर येताना टायटनमध्ये मोठा आवाज झाला. कवचावर बसवलेल्या संवेदकांच्या नोंदी त्यानंतर बदललेल्या दिसतात. ती माहिती कंपनीच्या हातात होती. पुढचा हिवाळा पाणबुडीनं कॅनडात उघड्यावर, बर्फात काढला आणि उन्हाळ्यात ती पुन्हा समुद्रात नेली. अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये आला. ही दुर्घटना टाळता आली असती, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. सदोष रचना, तपासणी नाही, देखभाल नाही, आणि बोलणाऱ्याला नोकरीची भीती घालणारी कामाची जागा. रश जिवंत असता तर त्याच्यावर फौजदारी कारवाईसाठी प्रकरण पुढे पाठवलं असतं, असंही मंडळ म्हणतं.

‘श्रीमंतांची हौस, त्यांनी पैसे देऊन मरण विकत घेतलं’ असंही त्या दिवसांत पुष्कळांनी म्हटलं. चार दिवस आधी, 14 जूनला, ग्रीसजवळ शेकडो स्थलांतरितांना घेऊन एक मच्छीमार बोट बुडाली होती आणि तिच्याकडे जगानं इतकं लक्ष दिलं नाही, हे त्यांचं दुखणं रास्त आहे. मलाही ते बोचतं. पण एका बोटीवरचा अन्याय दुसऱ्या बोटीतल्या मेलेल्यांची टर उडवून भरून निघत नाही. आणि नीट पाहिलं तर दोन्हीकडे प्रश्न एकच निघतो: हे वाहन या माणसांना घेऊन पाण्यात उतरू शकतं का, हे कुणी तपासलं? त्या मच्छीमार बोटीत किती माणसं कोंबली आहेत हे बुडण्याआधी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत उघड दिसत होतं.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर ब्रह्मनाळचा. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं पलूस तालुक्यातलं गाव. 8 ऑगस्ट 2019 ला, पाण्यानं वेढलेल्या त्या गावातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. डझनाहून अधिक जीव गेले, त्यात बाया होत्या, लेकरं होती. त्या दिवशी आणि नंतरही तर्कांना ऊत आला: इंजिन बंद पडलं, फांदीला धडकली, लोक एका बाजूला झुकले. मेलेल्यांचे आकडेही दर तासाला वेगळे. पण बोट उलटेल हा अंदाज बांधायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. 2005 चा महापूर त्याच गावांनी पाहिलेला होता. बोटीत किती माणसं बसावीत, जॅकेट किती लागतील, इंजिन बंद पडलं तर वल्ही कुठं आहेत, हे जूनमध्ये कोरड्या काठावर उभं राहून ठरवता आलं असतं. पाणी छातीला लागल्यावर, पोरं कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ‘तू पुढच्या फेरीला ये’ असं सांगायची ताकद कुणात नसते, आणि तिच्याकडून थांबण्याची अपेक्षा करणंही क्रूरपणाचं आहे. तो निर्णय तिच्यावर येताच कामा नये.

आता भारतही खोल समुद्रात माणूस पाठवतो आहे. समुद्रयान मोहिमेसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं मत्स्य-6000 ही पाणबुडी घडवली आहे. तीन माणसं, 6000 मीटर. माणसं बसतात तो गोल टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, आतून 2.1 मीटर व्यासाचा, 80 मिलिमीटर जाडीचा. आणीबाणीत तग धरायची क्षमता पुन्हा तीच, 96 तास. चौकशी मंडळाचा अहवाल आला त्याच ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या दोघांनी फ्रान्सच्या नोतील या पाणबुडीतून सराव केला आणि त्यातला एक 5002 मीटरपर्यंत जाऊन आला. नोतील 1984 पासून काम करते आहे. टायटनमध्ये गेलेले पॉल-आंरी नार्जोले हे फ्रेंच दर्यावर्दी अनेक वर्षं याच नोतीलमधून टायटॅनिकपर्यंत जाऊन सुखरूप परत आलेले होते. खोल समुद्र माणसाला परत पाठवतो, तपासून नेलेल्या वाहनातून गेलं तर.

मला या मोहिमेचा अभिमान आहे, आणि म्हणून आत्ताच, सगळं व्यवस्थित चालू असताना, विचारावंसं वाटतं. गोलाची दाबचाचणी किती खोलीपर्यंत झाली, ती कुणी प्रमाणित केली, चाचणीत काय खटकलं आणि त्यावर काय केलं, हे संसदेत आणि लोकांसमोर ठेवलं जावं. उद्या एखाद्या तंत्रज्ञानं शंका काढली तर त्याची नोकरी सुरक्षित राहील अशी लेखी हमी असावी. यात गुप्ततेचं काही नाही. ही युद्धनौका नव्हे.

आणि जिल्ह्यात, कृष्णा-वारणेकाठच्या प्रत्येक पूरग्रस्त गावात जी बोट आहे, मग ती ग्रामपंचायतीची असो, मंडळाची असो वा मच्छीमाराची, तिच्या दोन्ही अंगांवर माणसांची संख्या ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहावी. मेच्या अखेरीस ती पाण्यात उतरवून, तेवढी माणसं बसवून, इंजिन मुद्दाम बंद करून वल्ह्यांवर काठाला आणून दाखवावी. जॅकेटं मोजावीत, फाटलेली बाजूला काढावीत. हे ग्रामसभेसमोर व्हावं, त्याचा पंचनामा तहसील कचेरीत जावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, पावसाचं पहिलं पाणी यायच्या आत.